एनसी की एफआयआर? तालुक्याच्या ठाण्यात किरकोळ चोरीचे पुढे काय होते

आठवडी बाजाराचा दिवस होता आणि हरवलेल्या कागदपत्रांचा दाखला मिळावा म्हणून मी एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात बाकावर बसलो होतो. दुपारी दोनच्या सुमारास साठीतल्या एक बाई आत आल्या. कमरेची कापडी पिशवी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती आणि तिचा तळ ब्लेडने इतका सरळ कापलेला होता की शिवण उसवली असेल असे म्हणायलाही जागा नव्हती. सोयाबीन काढणीच्या मजुरीचे तीन हजार आठशे रुपये त्या पिशवीत होते. ठाणे अंमलदारांनी, म्हणजे त्या वेळी तक्रारी ऐकून नोंदवण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्या हवालदारांनी, त्यांना आधी पाणी दिले, बसायला सांगितले आणि मग विचारले, ‘मावशी, पिशवी एसटीत कापली की बाजारात?’

‘ते कसं सांगू साहेब? भाजीवालीला पैसे द्यायला हात घातला तेव्हा कळलं.’

अर्ध्या तासाने बाईंच्या हातात एक कागद पडला. त्याच्या शेवटी ‘न्यायालयात दाद मागण्याची समज देण्यात आली’ असे वाक्य होते. त्यांनी तो माझ्याकडे वाचायला दिला आणि विचारले, ‘म्हणजे आता चोर धरतील ना?’

त्या कागदाचा अर्थ जवळजवळ उलट होता. हवालदारांची वागणूक चांगली होती, नोंदही त्यांनी लगेच घेतली होती, तरीही त्या नोंदीवर पोलीस स्वतःहून तपास करणार नव्हते. असे का होते, आणि हवालदारांनी विचारलेल्या त्या एका साध्या प्रश्नात एवढे काय दडलेले होते, हे प्रत्येक बाजारकरूला ठाऊक असायला हवे असे मला वाटते, म्हणून हा लेख.

## फोन केला म्हणजे तक्रार झाली का?

आपल्याकडे पूर्वी १०० क्रमांक होता, आता ११२ आहे. महाराष्ट्रात हा फोन नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात उचलला जातो, तेथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि जवळच्या पोलीस गाडीकडे जाते. लहान गावांतून येणारे फोन बहुतेक एकाच प्रकारचे असतात. शेजारी दारू पिऊन दारावर दगड मारतो आहे, बांधावरून दोन भाऊ हातघाईवर आले आहेत, लग्नाच्या वरातीतला डीजे रात्री दहानंतरही थांबत नाही, मूल बाजारात हरवले आहे, अशा स्वरूपाचे हे फोन असतात. गाडी येते, अंमलदार समजावतात, क्वचित कोणाला ठाण्यात नेतात, आणि प्रसंग निवळतो.

मात्र ११२ ला केलेला फोन आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामीण रुग्णालयाचे उदाहरण घेऊ. रुग्णवाहिका बोलावणे, बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढणे आणि रुग्ण म्हणून भरती होणे या तीन पायऱ्या आहेत. ११२ चा फोन ही रुग्णवाहिका झाली. ठाण्यात बाईंना मिळाला तो कागद म्हणजे केसपेपर. भरती होणे म्हणजे गुन्हा दाखल होणे, ज्याला आपण सगळे एफआयआर म्हणतो. गाडी येऊन गेली म्हणून ‘पोलिसांत तक्रार केली आहे’ असे समजून घरी बसलेली कितीतरी माणसे मी पाहिली आहेत, आणि नंतर काही वाढले की त्यांच्याकडे दाखवायला कागदाचा कपटाही नसतो.

## दखलपात्र आणि अदखलपात्र

१ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पहिली संहिता कोणते कृत्य गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा काय ते सांगते, दुसरी पोलिसांनी आणि न्यायालयाने काय करायचे ते सांगते. या दुसऱ्या संहितेच्या शेवटी एक लांबलचक तक्ता आहे. त्यात प्रत्येक कलमासमोर ते दखलपात्र की अदखलपात्र हे लिहिलेले असते, आणि ठाण्यातल्या टेबलावर तुमच्या तक्रारीचे भवितव्य त्या तक्त्यातल्या एका शब्दावर ठरते.

दखलपात्र गुन्ह्यात पोलीस न्यायालयाला न विचारता तपास सुरू करू शकतात आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आल्याशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. त्यांनी तक्रारीचा सारांश नोंदवहीत लिहायचा आणि तक्रारदाराला न्यायालयाचा रस्ता दाखवायचा, एवढेच कायद्याने त्यांच्यावर सोपवले आहे. हीच ती ‘एनसी’, म्हणजे नॉन-कॉग्निझेबल, अदखलपात्र नोंद. बाईंच्या कागदावरचे शेवटचे वाक्य हवालदारांनी आपल्या मनाने लिहिलेले नव्हते, ते कायद्याच्या कलमातून आलेले होते.

तालुक्याच्या ठाण्यात एनसीची वही सर्वांत जास्त भरते ती शिवीगाळ, साधी मारहाण आणि धमकी यांनी. जुन्या पोलिसांच्या तोंडी अजूनही ‘तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा’ हीच कलमे असतात, कलमांचे आकडे बदलले तरी भांडणे तीच आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मारहाणीत हाड मोडले किंवा दात पडला तर ती कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत होते आणि प्रकरण दखलपात्र होते. म्हणून ठाण्यातून मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरांच्या नावे पोलिसांचे पत्र, घेऊन रुग्णालयात जाणे आणि डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे काढणे याला फार महत्त्व आहे. ‘सूज आहे, उतरेल’ म्हणून घरी गेलेल्या माणसाचे मनगट मोडलेले होते हे चार दिवसांनी कळते, तोवर नोंद साध्या मारहाणीची होऊन गेलेली असते. ती नंतर बदलता येते, पण त्यासाठी पुन्हा खेटे घालावे लागतात. एकाच घटनेत दोन-तीन गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला, तर सगळे प्रकरण दखलपात्र मानले जाते, हेही कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

## प्रत्येक चोरी म्हणजे दरोडा नव्हे

बोलताना आपण सर्रास ‘दुकानावर दरोडा पडला’ म्हणतो. कायद्यात मालकाच्या संमतीशिवाय अप्रामाणिक हेतूने वस्तू नेली तर ती चोरी, कुलूप तोडून किंवा भिंत फोडून घरात शिरले तर घरफोडी, मारहाणीने अथवा धाक दाखवून नेले तर जबरी चोरी, आणि ती जबरी चोरी पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली तर दरोडा. नव्या कायद्यात ‘हिसकावून नेणे’ हा वेगळा गुन्हाही आला आहे, मंगळसूत्र किंवा हातातला फोन झटक्यात ओढून नेणारे यात येतात.

## पाच हजारांची रेषा

जुन्या कायद्यात चोरी दहा रुपयांची असो की दहा लाखांची, ती दखलपात्रच होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये मात्र एक नवे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद, आले. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा द्यायची. समाजसेवा म्हणजे न्यायालय सांगेल ते लोकोपयोगी काम, कोणताही मोबदला न घेता. आणि त्या लांबलचक तक्त्यात या प्रकाराच्या चोरीसमोर ‘अदखलपात्र’ आणि ‘जामीनपात्र’ असे शब्द लिहिले गेले.

यामागचा हेतू चांगला आहे, आणि तो मला मनापासून पटतो. भुकेपोटी किंवा वाईट संगतीने पहिल्यांदाच हात मारलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला तुरुंगात सराईतांच्या शेजारी झोपवले, तर तो बाहेर येताना काय शिकून येईल हे सांगायला नको. हजार रुपयांच्या चोरीसाठी न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा पडणे हेही कोणाच्या हिताचे नाही.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. त्या परंतुकातल्या तीन अटींपैकी ठाण्यातल्या टेबलावर कळू शकते ती फक्त पहिली, मालाची किंमत. चोर पहिल्यांदाच दोषी ठरतो आहे का, हे खटला संपल्यावर कळणार. वस्तू परत केली का, हेही तेव्हाच. बाईंची पिशवी कोणी कापली हेच कोणाला ठाऊक नाही, मग त्याच्या मागच्या शिक्षेचा हिशेब कोण करणार? तपास केल्याशिवाय चोर सापडणार नाही, चोर सापडल्याशिवाय तो नवखा की सराईत हे कळणार नाही, आणि तो नवखा आहे असे गृहीत धरून तपासच करायचा नाही, असे हे चक्र आहे. म्हणून माझे मत असे आहे की, चोर अज्ञात असताना किंमत कमी आहे एवढ्यावरूनच तक्रार अदखलपात्र ठरवणे हा त्या परंतुकाचा योग्य अर्थ नाही. शिक्षेच्या वेळची सवलत तक्रारीच्या वेळी वापरली जाते आहे. पण हे माझे वाचन झाले. टेबलापलीकडचा अंमलदार तक्ता पाहतो, तक्त्यात अदखलपात्र लिहिलेले दिसते आणि तो एनसी घेतो, याबद्दल त्याला एकट्याला दोष देता येत नाही.

या रेषेचा दुसरा दोष असा की ती वस्तूची किंमत मोजते, नुकसान मोजत नाही. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोराने तोडून नेली तर तांब्याच्या भावाने ती चार हजारांची भरेल, पण नवी केबल येईपर्यंत कांद्याला पाण्याची पाळी चुकली तर शेतकऱ्याचे जे जाते ते या हिशेबात कोठेच येत नाही. मजुराच्या घरात तीन हजार आठशे म्हणजे महिन्याचा किराणा.

## मग पाच हजारांखालची प्रत्येक चोरी एनसीतच जाते का?

नाही, आणि येथेच हवालदारांच्या त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ही सवलत कलम ३०३ मधल्या साध्या चोरीपुरती आहे. त्याच्यापुढचे कलम ३०४ हिसकावून नेण्याचे आहे, त्यात किंमतीची मर्यादा नाही. कलम ३०५ मध्ये तर काही जागा आणि काही वस्तू वेगळ्या काढल्या आहेत आणि त्यांच्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. राहत्या घरातून किंवा माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून केलेली चोरी, प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहनाची चोरी, अशा वाहनातून केलेली वस्तूची चोरी, देवळातली मूर्ती, आणि शासनाची किंवा स्थानिक संस्थेची कोणतीही मालमत्ता, हे सगळे त्यात येते. यातली प्रत्येक चोरी दखलपात्र आहे, मग किंमत शंभर रुपये का असेना.

म्हणजे बाईंचे पैसे एसटीत गेले असते तर पोलिसांना हे कलम लावून तपास करण्याची वाट मोकळी होती. तेच पैसे बस थांब्यावर उतरून वीस पावले चालल्यावर गेले तर एनसी. उघड्या अंगणातल्या नळावरून पितळी हंडा नेला तर वाद होऊ शकतो, तोच हंडा स्वयंपाकघरातून नेला तर नाही. शेतातल्या उघड्या खांबावरची केबल एका बाजूला, कुलूप लावलेल्या मोटारीच्या खोलीतली केबल दुसऱ्या बाजूला. आणि नगरपंचायतीच्या गटारावरचे आठशे रुपयांचे लोखंडी झाकण भंगारात विकणाऱ्यावर सात वर्षांच्या शिक्षेचे दखलपात्र कलम लागू शकते, तर मजूर बाईची काढणीची मजुरी कापून नेणाऱ्यावर तपासही होत नाही. स्थानिक संस्थेच्या मालाचे रक्षण व्हावे याला माझा विरोध नाही, पण या दोन चोऱ्यांच्या वजनाचा हा ताळमेळ कोणत्याही बाजारकरूला पटणारा नाही.

## एनसीला काय किंमत आहे?

‘कागद दिला आणि घालवून दिले’ अशी एनसीबद्दल सर्वसाधारण भावना आहे. ती समजण्यासारखी असली तरी पुरती खरी नाही. नव्या कायद्याप्रमाणे अदखलपात्र तक्रारींच्या दैनंदिनीचा अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. तक्रारदार स्वतः किंवा वकिलामार्फत न्यायालयाकडे तपासाचा आदेश मागू शकतो. तीन हजार आठशे रुपयांसाठी कोणी वकील करणार नाही हे मला मान्य आहे. ही वाट कागदावर जितकी सरळ दिसते तितकी ती नाही.

शेजाऱ्यांच्या भांडणांत मात्र एनसीला मोठे वजन येते. एकाच माणसाविरुद्ध वर्षभरात तीन-चार एनसी झाल्या की पोलीस त्याच्यावर चॅप्टर केस करतात. हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात ठाऊक आहे, पण तो आला कोठून हे फार थोड्यांना माहीत असते. शांतता राखण्यासाठी बंधपत्र घेण्याची तरतूद जुन्या प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणात, म्हणजे चॅप्टरमध्ये होती. आता ती नवव्या प्रकरणात आहे, नाव तेच राहिले. यात शिक्षा होत नाही. कार्यकारी दंडाधिकारी त्या माणसाला बोलावतात आणि ठरावीक मुदतीपर्यंत शांतता राखीन असे बंधपत्र त्याच्याकडून घेऊ शकतात. ते मोडले तर पैसे भरावे लागतात. सतत त्रास देणाऱ्यांना महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली दोन वर्षांपर्यंत तडीपारही करता येते. या सगळ्या कारवायांना आधार लागतो तो आधीच्या नोंदींचा, आणि आपण नोंदच केलेली नसेल तर वही रिकामीच राहते.

## ठाण्यात गुन्हा नोंदवायला टाळाटाळ का होते?

ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे. नव्या कायद्याने त्यात एक फट ठेवली आहे. ज्या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी आहे, त्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, आणि साधी चोरी नेमकी याच गटात बसते. तेव्हा ‘चौकशी चालू आहे’ असे उत्तर मिळाले तर ही परवानगी कोणत्या तारखेची आहे आणि चौदा दिवस कधी संपतात, एवढे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

टाळाटाळीची कारणे अनेक असतात. प्रत्येक एफआयआर म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा, त्यासाठी दोन पंच, जबाब, तांत्रिक माहितीसाठी पत्रव्यवहार, आणि शेवटी न्यायालयात अहवाल. तालुक्याच्या ठाण्यात तेवढ्याच मनुष्यबळावर यात्रेचा बंदोबस्त, मंत्र्यांचा दौरा, मिरवणूक आणि अपघातही सांभाळायचे असतात. शिवाय दाखल गुन्ह्यांचा आकडा वाढला की वरिष्ठांच्या बैठकीत जाब विचारला जातो. ही कारणे खरी असली तरी त्यांची किंमत तक्रारदाराने का मोजावी?

मोबाईलच्या बाबतीत ही टाळाटाळ ‘गहाळ’ या एका शब्दात होते. फोन खिशातून काढून नेलेला असताना ‘गहाळ’ म्हणून अर्ज घेतला की चोरी कोठेच नोंदली जात नाही. फोन खरोखर पडला असेल तर गहाळ लिहावे, चोरीला गेला असेल तर चोरीच लिहावी आणि आपण सही करतो तो कागद आधी वाचावा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक बंद करण्याची सोय आहे, त्यासाठी पोलिसांकडच्या नोंदीची प्रत लागते, म्हणून ती ठाण्यातून निघण्यापूर्वीच घ्यावी.

ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची दखल घेतलीच नाही, तर तक्रार लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि तेथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला म्हणून परत पाठवणे चुकीचे आहे. कोणत्याही ठाण्याने तक्रार नोंदवून ती योग्य ठाण्याकडे वर्ग करायची असते. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, तिच्यासाठी कोणी ‘झेरॉक्सचे’ म्हणूनही पैसे मागू नयेत.

## चोर हाती लागला तर लोकांनीच धडा का शिकवू नये?

पोलिसांवरचा विश्वास उडाला की बाजारात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य नागरिकही चोराला पकडू शकतो, हे कायद्यात आहे. पण त्याला विनाविलंब आणि फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचे असते. त्याला बांधून मारणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पाकीटमाराला चोप देणाऱ्यांतला एखादा स्वतः आरोपी होतो, तेव्हा ज्याचे पाकीट गेले तो मात्र केव्हाच घरी गेलेला असतो.

याहून गंभीर बाब संशयाची आहे. लहान गावात चोरी झाली की पहिली नजर भटक्यांच्या पालावर जाते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. तरीही बाजाराच्या दिवशी पारध्याच्या बाईकडे भाजीवाला ज्या नजरेने पाहतो ती नजर अजून विमुक्त झालेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवण्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. तक्रार देताना ‘अमक्या जातीचे लोक फिरत होते’ असे लिहिणे हा पुरावा नाही. दिसलेला माणूस कसा होता, कोणते कपडे होते, कोणत्या गाडीवर होता, हे लिहिता येत असेल तर लिहावे, नाहीतर संशय लिहू नये.

## तपास झाला तर काय मिळते?

गुन्हा दाखल झाल्यावर ठाण्यातले गुन्हे प्रकटीकरण पथक, ज्याला सगळे डीबी पथक म्हणतात, सराफ, भंगारवाले आणि रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांकडे चौकशी करते. तपास कोठवर आला हे तक्रारदाराला नव्वद दिवसांच्या आत कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे, फोनवरच्या संदेशानेही ते कळवता येते. चोर सापडला नाही तर महाराष्ट्रात पोलीस ‘अ समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळाला नाही. ‘ब समरी’ खोट्या तक्रारीची आणि ‘क समरी’ गैरसमजातून दिलेल्या अथवा दिवाणी स्वरूपाच्या तक्रारीची असते. अ समरी झाली म्हणून दार बंद होत नाही. पुढे दुसऱ्या गुन्ह्यात पकडलेल्या चोराने तुमची चोरी कबूल केली आणि माल निघाला तर तपास पुन्हा उघडतो.

माल सापडला तरी तो लगेच हातात पडत नाही, याचा लोकांना फार राग येतो. मुद्देमाल हा पुरावा असतो म्हणून न्यायालयाच्या परवानगीने तो परत मिळतो. मात्र खटला संपेपर्यंत थांबण्याची गरज नाही. सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले की छायाचित्रे आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन वस्तू मालकाला लवकर द्याव्यात. नव्या कायद्यानेही त्यासाठी दिवस ठरवून दिले आहेत. एक अर्ज आणि मालकी दाखवणारी पावती, एवढ्यावर हे काम होते. सोन्याची पावती, फोनचे बिल आणि गाडीची कागदपत्रे घरात एका पिशवीत ठेवलेली असली तर या वेळी ती उपयोगी पडतात.

## तक्रारीत काय असावे?

जागा अगदी नेमकी लिहावी, कारण वर पाहिले त्याप्रमाणे कलम जागेवर ठरते. ‘बाजारात’ याऐवजी ‘एसटी स्थानकावरून उतरून भाजी मंडईकडे जाताना’, ‘घरून’ याऐवजी ‘कुलूप लावलेल्या खोलीतून’ असे लिहावे. वस्तू शेवटची सुरक्षित केव्हा पाहिली आणि नाहीशी झाल्याचे केव्हा कळले, या दोन्ही वेळा लिहाव्यात. गेलेल्या सगळ्या वस्तूंची किंमत एकत्र धरावी. पैशांबरोबर पाकीट, चांदीचे जोडवे, फोन गेला असेल तर तेही लिहावे, आणि खरे असेल तेवढेच लिहावे, कारण आकडा फुगवलेली तक्रार पुढे उलटतपासात कोलमडते. कोणी बाजूला धक्का दिला, पिशवीला झटका बसला, असे काही घडले असेल तर ते सुटता कामा नये, कारण हिसकावणे आणि नकळत कापणे यात फरक आहे. अंमलदाराने लिहिलेला मजकूर वाचून किंवा वाचून घेऊन मगच सही किंवा अंगठा द्यावा.

त्या बाईंच्या नोंदीत वेळ ‘दुपारी’ एवढीच होती आणि जागा ‘आठवडी बाजार’. कागद वाचून दाखवल्यावर त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि आतून एक चुरगळलेला कपटा काढून परत जायला तो चालेल का असे विचारले. ते सकाळच्या एसटीचे अर्ध्या भाड्याचे तिकीट होते. त्यावर बस सुटल्याची वेळ आणि मार्ग छापलेला होता. गाडीत चढताना कंडक्टरला पैसे द्यायला त्यांनी त्याच पिशवीतून नोट काढली होती, म्हणजे तोवर पिशवी शाबूत होती आणि पुढचा पाऊण तास त्या गर्दीत उभ्या राहून आल्या होत्या, असेही त्या बोलता बोलता म्हणाल्या. हे सगळे नोंदीत यायला हवे होते. ते विचारले कोणी नाही, आणि कलम ३०५ मध्ये वाहनाचा उल्लेख आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून मीही त्यांना परत टेबलाकडे नेले नाही.